येळवशीचे ताट वर्षभर

"साहेब, अंगात ताकदच राहिली नाही बघा. उभं राहिलं की डोळ्याफुडं अंधारी यायलीय. एक बाटली लावा."

जळकोटला दवाखाना टाकून मला बरीच वर्षे झाली. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन. परवाच्या सुगीत सोयाबीनच्या काढणीवरून थेट दवाखान्यात आलेल्या एका पस्तिशीच्या बाईंनीही हेच सांगितले. सोबत चौदा वर्षांची मुलगी होती. आईच्या पदराला धरून तीही भिंतीला टेकून उभी होती. मी दोघींच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. आतला रंग लाल हवा, तो फिका होता. नखे पांढुरकी, जीभ गुळगुळीत. मी म्हणालो, "ताई, बाटली नंतर बघू. आधी दोघींचं रक्त तपासू."

बाईंना ते फारसे आवडले नाही. आमच्या भागात बाटली न लावणारा डॉक्टर म्हणजे अर्धाच डॉक्टर! म्हणून आज वाचकांना आधी बाटलीचा हिशोब सांगतो आणि मग ताटाचा.

बाटलीत असते काय?

ज्याला आपण सलाईन म्हणतो ते म्हणजे मिठाचे किंवा साखरेचे निर्जंतुक पाणी. ५०० मिलिलिटरच्या ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. त्यातून शंभरच्या आतच कॅलरी मिळतात. साध्या सलाईनच्या बाटलीत तर साखरही नसते. त्यात साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी सगळे पाणी. याउलट साठ ग्रॅम पिठाच्या एका मध्यम भाकरीत सुमारे दोनशे कॅलरी असतात, शिवाय प्रथिने, लोह आणि चोथा असतो तो वेगळाच.

मग सलाईन निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. हगवण, सततच्या उलट्या, उष्माघात, मोठा रक्तस्राव अशा वेळी ते प्राण वाचवते. पण रोजच्या अशक्तपणावर ते औषध नव्हे. बाटली लावल्यावर तरतरी वाटते याची कारणे साधी आहेत. तास-दोन तास आडवे पडून विश्रांती मिळते, अंगात पाणी जाते आणि कोणीतरी आपली काळजी घेतली याचे समाधान वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणे.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मीही मागेल त्याला बाटली लावत असे. एका गरोदर बाईला मी दोन महिन्यांत तीन वेळा सलाईन लावले. तिचे रक्त मात्र एकदाही तपासले नाही. बाळंतपणात तिला रक्तस्राव झाला. अंगात मुळातच रक्त कमी, त्यामुळे थोडासा स्रावही तिला सोसला नाही. रातोरात जीपमध्ये घालून मोठ्या गावी न्यावे लागले, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. बाई वाचली. मूल जेमतेम पावणेदोन किलोचे जन्मले. ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून अशक्तपणाची तक्रार घेऊन बाई आली की आधी रक्त तपासतो.

रक्त कमी म्हणजे किती कमी?

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य असते. श्वासातून आलेला प्राणवायू ते शरीरभर पोचवते. हे द्रव्य तयार व्हायला लोह लागते. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम, गरोदर बाईचे ११ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणावे. धाप लागणे, छातीत धडधडणे, पायाला गोळे येणे, कामात मन न लागणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही त्याची लक्षणे.

हे दुखणे किती पसरले आहे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे घरोघरी दुचाकी आणि मोबाईल आले त्या काळात बायांचे रक्त मात्र कमी झाले.

माझ्याकडे आलेल्या त्या बाईंचे हिमोग्लोबिन ८.२ निघाले, मुलीचे १०.१. मी त्यांना विचारले, "काल दिवसभरात काय काय खाल्लं, ते सांगा." उत्तर असे होते. सकाळी चहा. दहाला शेतात जाण्यापूर्वी चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी भात आणि पाण्यासारखे वरण. चारला चहा. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेली दीड पोळी आणि मिरचीचा ठेचा. भाजी संपली होती. मुलीने शाळेतून आल्यावर कुरकुऱ्याचे पाकीट खाल्ले होते. विशेष म्हणजे घरी चार एकर जमीन, एक म्हैस आणि पोत्यात भरलेली तूर होती. गरिबीमुळे उपाशी राहणारे हे घर नव्हते.

येळवशीला आपण काय खातो?

मी बाईंना पुढचा प्रश्न विचारला, "येळवशीला घरी काय काय करता?" त्यांचा चेहरा खुलला आणि त्या भराभर सांगू लागल्या.

लातूर, धाराशिव, नांदेडच्या वाचकांना येळवस, म्हणजेच वेळा अमावस्या, सांगायला नको. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावे ओस पडतात आणि शेते फुलतात. कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते आणि झाडाखाली पंगत बसते. त्या पंगतीतले ताट मी डॉक्टरच्या नजरेने पाहतो तेव्हा वाटते, आहारशास्त्राच्या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते आपल्या आज्या-पणज्यांनी एका पानात वाढून ठेवले आहे. एकेक पदार्थ घेऊ.

उंडे आणि भाकरी : ज्वारी-बाजरीचे उंडे आणि भाकरी हा ताटाचा पाया. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम चोथा आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. बाजरीत लोह सहा मिलिग्रॅमच्या वर. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. गव्हाबद्दल गैरसमज नको. कोंड्यासकट दळलेला गहू ज्वारीच्या तोडीचाच आहे. खरा तोटा मैद्याने होतो. बिस्कीट, खारी, पाव हे सगळे मैद्याचे.

भज्जी : ओली तूर, वाटाणा, वाल, ओला हरभरा, शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, पालक, चिंच आणि डाळीचे पीठ घालून शिजवलेली भज्जी हा या ताटाचा आत्मा. ज्वारीच्या प्रथिनात एक घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी असतो तो ज्वारीत असतो. दोन्ही एकत्र आले की प्रथिन पूर्ण होते. पालेभाजीतून लोह आणि फॉलिक आम्ल मिळते. चिंचेसारखा आंबट पदार्थ ते लोह शरीराला घेण्यास मदत करतो.

अंबील : ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, लसूण-जिरे लावून केलेली अंबील. धान्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोहाला धरून ठेवते, सुटू देत नाही. आंबवल्याने त्याचा जोर कमी होतो. ताकातून कॅल्शियम मिळते.

तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी : शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिने. दहा ग्रॅम, म्हणजे पसाभर नव्हे तर मोठा चमचाभर तिळात शंभर मिलिलिटर दुधाएवढे कॅल्शियम असते. त्यातले सगळे अंगी लागत नाही हे खरे, तरी न सोललेला तीळ हा गरिबाचा मोठा आधार आहे.

वर बोरे, पेरू, ऊस आणि हरभऱ्याचे डहाळे. पेरू आणि आवळ्यात क जीवनसत्त्व लिंबापेक्षा कितीतरी जास्त असते.

या ताटात विकतचे फार थोडे आहे. जवळजवळ सगळे त्याच शेतातले किंवा शेजारच्या शेतातले. मग हेच ताट दुसऱ्या दिवशी कुठे जाते?

ताट बदलले कसे?

पूर्वीचे सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत. नुसत्या ज्वारीवर माणूस निरोगी राहतो असेही नाही. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या लोकांमधील पेलाग्रा रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रोगात उन्हाला उघड्या राहणाऱ्या मानेवर-हातांवर काळे चट्टे पडतात, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमिष्ट होते. ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे प्रमाण जास्त असल्याने हे होत असावे, असे त्यांनी मांडले. ज्यांच्या ताटात ज्वारीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे, भाजी काहीच नसे अशा गरिबांना तो रोग गाठत असे. त्यातून शिकायचे ते एवढेच की कोणतेही एक धान्य, मग ते कितीही गुणी असो, एकट्याने पुरे पडत नाही. ताटात चार गोष्टी हव्यात.

आज अडचण वेगळी आहे. खरिपात ज्वारी-मूग-उडदाच्या जागी सोयाबीन आले. त्याने पैसा दिला, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण सोयाबीन सगळे बाजारात जाते, घरात खायला राहत नाही. बांधावरची अंबाडी, शेवगा, हादगा कमी झाला. तणनाशकाने घोळ आणि पाथरीची भाजीही गेली. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळे पोट भरते, पण ताटाचा एकच कोपरा भरतो. बाकीचे कोपरे आपणच भरायचे आहेत. हातात आलेल्या पैशातून आपण काय आणतो? बिस्किटाचे पुडे, फरसाण, थंड पेयाची बाटली आणि ताकदीचे टॉनिक. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मोठ्या शहरांत लोक दुप्पट दाम मोजून ज्वारी खाऊ लागले आणि आम्ही ज्वारी पिकवणारे पाहुण्यांसमोर भाकरी वाढायला लाजतो!

शेवटी जेवणारी बाई

येळवशीच्या पंगतीची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. शेतात झाडाखाली बायाही निवांत बसून पोटभर जेवतात. भज्जीचे भगुले समोरच असते. कोणासाठी राखून ठेवायचे आणि कोणाला उरलेले द्यायचे, असा भेद त्या दिवशी राहत नाही.

एरवी काय होते? आधी घरातले कर्ते पुरुष, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून. भाजीचा तळ आणि वरणाचे पाणी तिच्या वाट्याला. वास्तविक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर बाईला २९. दर महिन्याला पाळीत तिचे रक्त जाते, बाळंतपणात जाते. म्हणजे जिला सर्वांत जास्त हवे तिलाच सर्वांत कमी मिळते. घरातल्या कर्त्या माणसांनी आणि सासूबाईंनी हा मजकूर वाचला असेल तर माझी एवढीच विनंती आहे. एक वेळ तरी सगळ्यांनी सोबत बसा. ते जमत नसेल तर भाजी-वरण पहिल्यांदा सुनेच्या आणि लेकीच्या वाटीत काढून ठेवा. याला एक पैसाही लागत नाही.

काही चुकीच्या समजुती

बीट खाल्ले की रक्त वाढते, असे पुष्कळ जण सांगतात. बीट लाल असते म्हणून ही समजूत. बीट आणि डाळिंब दोन्ही चांगले, पण त्यांत लोह फारच थोडे असते. गुळात थोडे लोह असते, पण गूळ ही शेवटी साखरच. मधुमेह असलेल्यांनी गूळ चालतो असे समजू नये. त्यांनी हेही लक्षात ठेवावे की ज्वारीची भाकरी चांगली असली तरी तीही मोजूनच खायची.

टॉनिकच्या बाटलीत बहुधा साखरेचा पाक आणि थोडी जीवनसत्त्वे असतात. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय त्यावर पैसा घालवू नये. सलाईन, सुई आणि फी यांत जेवढे पैसे जातात तेवढ्यात किलोभर शेंगदाणे आणि किलोभर डाळ सहज येते.

रोज काय करावे?

१. दोन्ही जेवणांत एक वाटी घट्ट वरण, उसळ किंवा पिठले असावे. वरण ओतल्यावर भातातून वाहून जाऊ नये इतके दाट.

२. रोज एक पालेभाजी. मेथी, अंबाडी, करडई, हरभरा, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे हंगामात स्वस्त असेल ते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजवलेले पाणी ओतून देऊ नये.

३. जेवताना लिंबू पिळावे, पण भाजी चुलीवरून उतरवल्यावर. उकळल्याने क जीवनसत्त्व नाश पावते. लिंबू नसेल तर पेरूची फोड, आवळा, कच्चा टोमॅटो चालेल.

४. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही. चहा सोडा असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही. फक्त जेवणापासून दूर ठेवा.

५. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे शेतात जाताना पदराला बांधून न्या. मुलांच्या दप्तरातही तेच द्या.

६. लोखंडी तवा-कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. त्यात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते. आंबट भाजी मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

७. घरच्या सोयाबीनमधले चार पायल्या घरी ठेवा. ते वीसेक मिनिटे उकळून, वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणा. कच्चे सोयाबीन पचत नाही, म्हणून उकळणे आवश्यक.

८. खाणाऱ्यांनी अंडे जरूर खावे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. मांसाहारातील लोह शरीर चटकन घेते.

९. पापड, लोणचे, फरसाण जपून. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून अधिक मीठ नको.

नुसत्या अन्नाने भागत नाही तेव्हा

एक इशारा द्यायलाच हवा. रक्त एकदा खाली गेले की ते केवळ आहाराने लवकर भरून येत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या लागतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळीने शौचाला काळी होते, कधी मळमळते. घाबरून गोळी बंद करू नये, जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नये. जंताचे औषधही घ्यावे. पाळीत फार स्राव होत असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल तर त्याचा इलाज आधी. आणि पुरुषाचे किंवा म्हाताऱ्या माणसाचे रक्त कमी निघाले तर पोटात कुठे रक्तस्राव होत नाही ना, हे तपासून घेतलेच पाहिजे.

त्या बाईंना मी बाटली लावली नाही. दोघींना लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध दिले आणि वर लिहिलेले सगळे समजावून सांगितले. सोबत आलेल्या त्यांच्या मालकांनाही आत बोलावून बसवले आणि सांगितले, "पाटील, या दोघींचं औषध तुमच्या तुरीच्या पोत्यात आहे. त्यातली घरी किती ठेवायची ते तुम्ही ठरवा." ते काही बोलले नाहीत, मान हलवून गेले.

येळवस झाल्यावर तिघे पुन्हा आले. आईचे हिमोग्लोबिन १०.९ झाले होते, मुलीचे १२ च्या घरात. काम अजून पुरे झालेले नाही, आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. पण धाप गेली होती. मुलगी शाळेत कबड्डी खेळू लागली होती. बाईंनी एका डब्यात उंडे आणि भज्जी आणली होती. मी विचारले, "ताई, आता बाटली लावायची का?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "नको साहेब. आता आम्ही माय-लेकी बी सगळ्यासंगं बसूनच खायलाव."